माझ्याकडे अडकलेलं पाकीट

आठवीच्या पुस्तकात नेटवर्कच्या रचनांवर एक धडा आहे. संगणक एकमेकांना कसे जोडायचे, एवढाच त्याचा विषय. बस, स्टार, रिंग, मेश, ट्री. म्हैसूरच्या एका शाळेत मी गेली पंधरा वर्षं तो शिकवते आहे. बस शिकवताना मी फळा भरून टाकते, एक लांबलचक तार आणि तिला लटकलेले संगणक. स्टारला तर लॅबच्या कपाटातला जुना हब बाहेर काढते, तारा लावते, त्यातली एक उपसून दाखवते, "बघा, ही काढली तरी बाकीचे चालूच!" मुलं खूश होतात. रिंग आली की मात्र मला घाई सुटते. "गोलात जोडलेले संगणक. निरोप एकाच दिशेनं, एकाकडून दुसऱ्याकडे. मध्ये एक बंद पडला की सगळं बंद. लिहून घ्या." झालं. चार मिनिटांत धडा पुढे. कुणी शंका काढलीच तर "परीक्षेला एवढंच येतं" म्हणून गप्प बसवते. शिक्षिकेला शोभणारं वाक्य नाही हे, मला कळतं. पण करू काय, तो गोल मला फळ्यावर काढवत नाही.

आम्ही चौघी बहिणी तशाच गोलात जोडलेल्या होतो. थोरली ताई कराडला, मधली नाशिकला, तिसरी मी म्हैसूरला आणि धाकटी नांदेडला. धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी ताईनं एक पद्धत काढली. तिनं एक पान लिहिलं आणि मधलीला पाठवलं. मधलीनं ते वाचलं, आपलं एक पान त्यात घातलं आणि पाकीट माझ्याकडे धाडलं. मी माझं पान घालून धाकटीला, धाकटीनं तिचं घालून ताईला. पाकीट परत आलं की ताई आपलं जुनं पान काढून घ्यायची, नवं ठेवायची आणि पाकीट पुन्हा निघायचं. प्रत्येकीनं हेच करायचं. जिचं पान तिनंच काढायचं, दुसरीच्या पानाला धक्का लावायचा नाही, आणि आठ दिवसांच्या वर पाकीट घरात ठेवायचं नाही, हे ताईचे नियम. शिक्षिका मी झाले, पण छडी कायम तिच्या हातात!

फोन होते की तेव्हाही. पण ताई म्हणायची, "फोनवर जेवलीस का आणि पाऊस आहे का, यातच वेळ जातो." पाकिटात मात्र सगळं यायचं. मधली नवऱ्याच्या घोरण्यावर अर्धं पान खर्ची घालायची. धाकटीचं पान कधी तेलकट, कधी हळदीचं, एकदा तर पाठीमागे वाण्याची यादीच होती. धाकटी भयंकर वेंधळी. छत्र्या, किल्ल्या, चष्मे, बाईनं काय काय हरवलं नसेल! पण पाकीट तिनं एकदाही हरवलं नाही. हे मी इथं ठासून सांगते आहे, कारण जिथं सांगायला हवं होतं तिथं मी गप्प बसले.

चामराजपुरममध्ये आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. नवऱ्याची नोकरी मेटगळ्ळीच्या कारखान्यात, तिच्यापायी आम्ही इकडे आलो. खाली घरमालकीणबाई. त्यांचे पूर्वज जुन्या म्हैसूरच्या फौजेतले मराठे, म्हणून घरात मराठी. पण त्यांच्या मराठीची आणि माझ्या मराठीची ओळख व्हायला वर्ष लागलं. पोस्टमन पाकीट त्यांच्याकडे द्यायचा आणि त्या जिन्यातून हाक मारायच्या, "अय्यो, तुमचं कव्हर आलंय बघा कणम्मा!" मी तव्यावरची पोळी तशीच टाकून खाली धावायचे. परक्या गावात आपल्या अक्षरांची अशी काही भूक लागते, की मी पाकीट उघडायच्या आधी नुसती त्यावरचा मधलीच्या हातचा पत्ता बघत जिन्यातच बसायचे. पोळी करपायची. नवरा म्हणायचा, "पाकीट आलेलं दिसतंय."

वडील गेल्यावर आई ताईकडे राहायची. एका थंडीत ती तीन महिने माझ्याकडे आली. नवरा सकाळीच कंपनीच्या बसनं जायचा, आठला मी शाळेत. आई दिवसभर एकटी. घरमालकीणबाईंशी बोलायला खाली जायची आणि वर येऊन म्हणायची, "गोड आहे गं बाई, पण निम्मं कळत नाही." संध्याकाळी मी दमून यायचे आणि वह्या तपासत बसायचे. आज राहू दे, उद्या निवांत बोलू, असं करता करता तीन महिने गेले आणि आई कराडला परत गेली.

त्यानंतर जे पाकीट आलं त्यात ताईनं लिहिलं होतं, "आई सांगत होती, तिकडे दिवसभर भिंतींशी बोलायची म्हणे. जगाच्या पोरांना शिकवणाऱ्या बाईंना आईसाठी अर्धा तास निघाला नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला झापायचं होतं तर फोन करायचा, मी ऐकून घेतलं असतं. पण पाकीट माझ्याआधी मधलीकडे जाऊन आलेलं. तिनं हे सगळं वाचलं आणि आपल्या पानावर पुदिन्याच्या वड्यांची कृती लिहून मोकळी झाली! माझ्याबद्दल चकार शब्द नाही. आणि मी पुढे पाठवलं की धाकटीही वाचणार. माझी तक्रार माझ्यापर्यंत येणार ती दुसऱ्यांच्या हातून, आणि जाणारही दुसऱ्यांच्या हातात. त्या खेपेला पाकिटात पाचवं पानही होतं. आईनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं चौघींसाठी लिहिलं होतं. तेही उभ्याउभ्या बघितलं, सगळी पानं परत कोंबली आणि पाकीट कपाटात साड्यांच्या खाली सारून दिलं. ताईला उत्तर लिहायला बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. आठ दिवस उलटले, महिना उलटला.

मग ताईचा फोन आला. "पाकीट कुठं अडकलं गं?"

"मी तर केव्हाच धाडलं धाकटीला," मी म्हणाले.

हे कसं निघालं माझ्या तोंडून, देव जाणे. ताईला जरा झुलवावं, मग गुपचूप पाठवून द्यावं, असं काहीतरी मनात होतं. पण ताईनं लगेच धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणाली, मला मिळालंच नाही. छत्र्या हरवणाऱ्या बाईच्या "मिळालंच नाही"वर कोण विश्वास ठेवणार? ताई तिला म्हणाली, "आईचं पान होतं त्यात. निदान ते तरी सांभाळायचंस." धाकटीनं घर पालथं घातलं. पोस्टात खेटे घातले. मग मला फोन केला, "मला मिळालंच नाही. तू नक्की टाकलं होतंस ना गं?" मी म्हणाले, "हो."

दोन महिन्यांनी आई गेली. झोपेतच गेली.

तेराव्याच्या दिवशी भरल्या घरात ताई धाकटीला म्हणाली, "तिच्या हातचा शेवटचा कागद तू घालवलास." धाकटीचं तोंड पांढरं पडलं. मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर, भाताचं पातेलं घेऊन वाढत होते. वाढतच राहिले.

त्यानंतर त्या दोघी बोलल्या नाहीत. धाकटीच्या नव्या घराच्या वास्तूला ताई गेली नाही. ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा धाकटी फिरकली नाही. मधलीनं मोबाइलवर आमचा ग्रुप काढला आहे, त्यात रोज सकाळी फुलं येतात, देव येतात. ताईनं काही टाकलं की धाकटी गप्प, धाकटीनं टाकलं की ताई गप्प. मी दोघींनाही अंगठा दाखवते. आणि पाकीट माझ्या कपाटात. वरच्या साड्या बदलत गेल्या, खालचं पाकीट मी एकदाही बाहेर काढलं नाही. माझ्यासारखी खुळी मीच. पाकीट माझ्याजवळ, ते दाबून ठेवणारी मी, आणि पोस्टमनची सायकल दिसली की माझाच जीव धावायचा. ताईचे ते टोमणे, मधलीच्या वड्या, धाकटीच्या हळदीचे डाग, मला सगळं इतकं हवं होतं की सांगता येत नाही. खालून हाक यायची तेव्हा हातात यायचं विजेचं बिल.

अशी अकरा वर्षं गेली.

या वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी सांगितलं, प्रत्येक धडा कृती करून शिकवायचा, मी स्वतः येऊन बघणार. आली का पंचाईत! मी आठ मुलींना मैदानात गोलात उभं केलं आणि एक ते आठ नंबर दिले. बाकीचा वर्ग भोवती बसला. एक नंबरनं आठ नंबरला चिठ्ठी लिहायची. चिठ्ठी हातात आली की आधी बघायचं, आपल्यासाठी आहे का. नसेल तर शेजारणीला द्यायची. रिंगमधला संगणक हेच करतो. मुठीतून मुठीत द्यायची, म्हणजे चिठ्ठी कुठं आहे ते बाहेरून दिसू नये, ही माझी हुशारी.

चिठ्ठी निघाली. दोन आणि तीन नंबर खुदखुदल्या. मग सगळं शांत. आठ नंबर नुसती हात पसरून उभी. सात म्हणाली आली नाही, सहा म्हणाली आली नाही, पाच नंबर म्हणाली, "बरलिल्ला, मिस." आली नाही, मिस. चार नंबर म्हणाली, "मी दिली."

चार नंबर म्हणजे माझी वर्गप्रमुख. वह्या गोळा करणारी, टापटीप, मोत्यांसारख्या अक्षराची. पाच नंबर एच. डी. कोट्याकडच्या खेड्यातून याच वर्षी आलेली, मावशीकडे राहून शिकणारी. आज वही विसरली, उद्या पेन. मी तिथल्या तिथं निकाल दिला. "एक चिठ्ठी सांभाळता येत नाही तुला? काय म्हणावं या मुलीला!" मुख्याध्यापिका बघत होत्या म्हणून आवाज जरा जास्तच चढवला. पोरीचे डोळे भरून आले. पण ती जागची हलली नाही, पुन्हा तेवढंच म्हणाली, "बरलिल्ला, मिस."

मी चपापले. धाकटीनं फोनवर अगदी असंच म्हटलं होतं, न रडण्याचा प्रयत्न करत. मी हळूच चार नंबरकडे वळले. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"उघड," मी म्हणाले.

चिठ्ठी घामानं ओली झाली होती. एक नंबरनं आठ नंबरला कन्नडमध्ये लिहिलं होतं, चार नंबर ही मिसची चमची आहे. वाटेत ती चार नंबरच्याच हातात पडली. दोन आणि तीन का हसल्या तेही कळलं. चार नंबर मान खाली घालून म्हणाली, "राग आला, मिस."

आता मी तिला कुठल्या तोंडानं रागावणार होते? मी पाच नंबरसमोर गेले आणि माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणाले, "तप्पु नंदे." चूक माझी. एरवी माझं कन्नड ऐकून हसणारा वर्ग हसला नाही. पोरीनं बाहीला डोळे पुसले आणि म्हणाली, "परवागिल्ला, मिस." असू दे. मग लगेच बसलेल्यांतून कुणीतरी विचारलं, खऱ्या रिंगमध्ये बिघाड कुठं झाला ते कसं शोधतात? इतकी वर्षं टाळलेला प्रश्न. मी सांगितलं, "रिंगच्या क्रमानं जो पहिला म्हणतो की मला काही आलं नाही, तो बहुधा खरं बोलत असतो. त्याच्या मागच्याकडे जाऊन बघायचं." मुलांनी लिहून घेतलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कृती फार छान झाली.

चार वाजता घरी आले, चपला न काढता पलंगावर बसले आणि धाकटीला फोन लावला.

"पाकीट माझ्याकडे आहे," मी म्हणाले.

"कुठलं पाकीट?"

"ते. मी पाठवलंच नव्हतं तुला. मी खोटं बोलले."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केलेला ऐकू आला.

"आईचं पान आहे?" तिनं विचारलं.

"आहे. वाचून दाखवू?"

"नको. तू हात लावू नकोस त्याला. पाठव." आणि जरा थांबून, "ताईला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"हो. तूच सांग." तिनं फोन ठेवला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. ताईनं तरी फाडून खावं म्हणून लगेच तिला फोन केला, सगळं ओकून टाकलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि तेराव्याला तू वाढत होतीस." एवढंच.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पोस्टात गेले. त्याआधी पाकीट बाहेर काढलं तेव्हा मनात आलं होतं, आईच्या पानाची झेरॉक्स काढून ठेवावी, निदान मोबाइलवर एक फोटो. पण धाकटी म्हणाली होती हात लावू नकोस. एवढं तरी तिचं ऐकावं म्हणून मी आतलं काही बाहेर काढलं नाही, माझी कबुली लिहिलेलं पान वरून सरकवलं आणि तोंड डिंकानं चिकटवलं. खिडकीतल्या बाईनं वजन करता करता विचारलं, आत काय आहे? मी म्हणाले, नुसते कागद.

मग वाट बघणं. ताई नांदेडला गेली आणि आठ दिवस राहून आली, हे मला मधलीकडून कळलं. ग्रुपवर फोटो आला, दोघी गच्चीत बसून बटाट्याचे पापड घालताहेत, ताईचा पाय लांब पसरलेला, धाकटी कशाला तरी तोंड उघडून हसते आहे. अकरा वर्षांनी एका फोटोत दोघी! मी तो इतक्यांदा मोठा करून बघितला की नवरा म्हणाला, आता पापड मोजून झाले असतील तर जेवू या. मला फोन कुणाचाच आला नाही. मीही केला नाही, बोलावतील तेव्हा जाईन म्हटलं. त्या गच्चीत कोपऱ्यात बसायला, नुसतं लाटून द्यायला मी कशी धावत गेले असते.

गेल्या महिन्यात पाकीट आलं. जाडजूड, वर मधलीचं अक्षर. मी जिन्यातच बसले. ताईनं गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी "आठ दिवसांच्या वर ठेवू नये" याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. मधलीनं वड्या सोडून सांडग्यांवर उडी घेतली होती. धाकटीचं पान भरगच्च, मुलाची परीक्षा, नव्या घरातली गळती, सगळं. आईचं पान कुठं दिसेना. मी पाकीट उलटं करून झटकलं. मग धाकटीच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात माझ्यासाठी लिहिलेलं दिसलं:

"आईचं पान मी ठेवून घेतलं आहे. ते आता फिरणार नाही. बाकी सगळ्यांनी वाचलेलं होतं, मीच राहिले होते. तुझ्याकडे तर अकरा वर्षं होतं."

होतं. पण मी ते एकदाच बघितलं, उभ्याउभ्या, रागानं थरथरत, आईनंही माझी तक्रार केली आहे का एवढंच शोधत. तक्रार कुठं दिसली नाही, म्हणून पुढं वाचलं नाही. चामराजपुरमच्या स्टेशनात येणाऱ्या गाड्यांबद्दल काहीतरी होतं, माझ्या खिडकीबद्दल होतं, आणि माझं नाव दोनदा आलं होतं. माझ्याबद्दल ती काय म्हणत होती, ते मला माहीत नाही.